वरच्या शेताची माती विकू नये

लिहून ठेवते मी, गोदा, कै. काळुराम भोईर यांची बायको, वय अंदाजे पासष्ट, राहणार आंबिवली, तालुका कल्याण. माझी शुद्ध शाबूत आहे. म्हातारीला भ्रम झालाय, असे माझा मुलगा रतन स्टेशनापर्यंत सांगत फिरतो, म्हणून हे पंढरी मास्तरांकडून, साक्षीदारांसमोर, माझ्या खुशीने लिहवून घेते.

नवऱ्यामागे खालचे शेत रतनच्या नावावर झाले. मी माझ्या मुलीच्या, शेवंतीच्या, बाळंतपणाला खडवलीस गेले असता त्याने त्या शेताची माती वीटभट्टीवाल्याला विकली. परत आले तर शेताच्या जागी खड्डा. बैलही विकलेले.

"आई, वरची दोन हात तर नेली. खाली मातीच आहे ना?"

"तो मुरूम आहे. पेर आणि खा."

पावसाळ्यात खड्डा भरला. डासांखेरीज त्यात काही पिकले नाही. बापाचा वाटा त्याला मिळाला. माझ्याकडून त्याला काही नाही.

कलम १. वरचे शेत माझ्या वडिलांनी मला दिलेले, कागद माझ्या नावाचा. ते शेवंतीला देते. सून शालूला दिले असते, पण रतन तिला मारून अंगठा घेईल. भात कापल्यावर ओलीवर वाल पेरावा, बांधावर तूर, उतारावर नाचणी. एकच पीक धरून बसू नये, जमीन विटते. भिवा धनगर दरसाल सुगीनंतर खतासाठी शेतात मेंढ्या बसवायचा. गेल्या साली रतनने त्याच्यावर काठी उगारली, म्हणे लेंड्यांना भात कशाला मोजायचे? यंदा पीक गुडघ्याला लागले नाही. भिवाला हात जोडून परत आणावे.

कलम २. गाय आणि कालवड शालूची. बैल नेले त्या दिवशी मार खाऊनही तिने गाईचे दावे सोडले नाही. शेण मात्र वरच्या शेतातच पडावे. राहते घर माझ्या दागिन्यांवर उभे राहिले, ते शेवंतीचे. शालू हयात असेतो त्यात राहील. रतनला राहायचे तर शालूला विचारून. ती नाही म्हणाली तर ओटीवरही नाही.

कलम ३. माझ्या चितेला रतनने हात लावू नये. जावई उत्तम याने अग्नी द्यावा.

एवढे लिहून होते तोच रतन दारात आला.

"मला काय ठेवलंस?"

"काही नाही."

"मग माझी पोरं काय माती खातील?"

मास्तरांनी लेखणी थांबवली. तो शिव्या देत गेला, त्यानंतर हे घालायला लावले.

कलम ४. रतनची पोरे वरच्या शेतात राबतील तर निम्मे पीक त्यांचे. शेत किंवा त्याची माती विकण्याचा हक्क त्यांना नाही. बापाला पानावर बसवायचे की नाही, ते पोरांनी ठरवावे.

गोदा काळुराम भोईर, डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: विठ्ठल धाऊ केणे, दौलत राघो टावरे
लिहिणार: पंढरी सखाराम मास्तर
आंबिवली, ता. ९ मार्च १९५७