नंबर माझा, नाव तुमचं

आबा, नात वही घेऊन समोर बसली आहे आणि म्हणते, आजी, हळू सांग, मी काही मशीन नाही. अक्षर मला येत नाही, तुम्हालाही येत नव्हतं. म्हणजे या पत्राला लिहिणारी उसनी आणि वाचणाराही उसनाच शोधावा लागणार. तरी सांगते. चार महिने रोज दुपारी एक बाई फोनवर तुमची चौकशी करत होती, आणि तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली हे तिला सांगणं काही माझ्याच्यानं झालं नाही.

त्याचं असं झालं. माझ्या पोरानं, तुमच्या नातवानं, या नातीच्या नर्सिंगच्या फीसाठी कर्ज काढलं. कर्ज देणारा माणूस घरी येऊन मोबाईलवरच फॉर्म भरत होता. म्हणाला, हप्ता चुकला तर फोन कुणाला करायचा, घरातलं मोठं माणूस सांगा. पोरगा म्हणाला, आईचा नंबर घ्या. त्यानं नाव विचारलं, आणि मी तुमचं सांगितलं. चेष्टा नव्हती ती. लहानपणी गुलमंडीत तुमचं नाव घेतलं की कुठल्याही दुकानात उधार मिळायचं. मला वाटलं, कर्जाच्या कागदावर चालणारं नाव द्यावं. पुढं वाळूजची त्याची कंपनी बंद पडली, हप्ते चुकले आणि फोन वाजायला लागला.

आवाज तरुण, गोड, अर्धं हिंदी अर्धं मराठी. "दादाजी आहेत का? त्यांना द्या ना जरा." पहिल्या दिवशी मी म्हणाले, बाहेर गेलेत. दुसऱ्या दिवशी जेवत होतात. मग झोपला होतात, मग दाढी करत होतात. असा तुमचा एकेक दिवस मी भरत गेले आणि खरं सांगू, मला त्यात मजाही वाटायला लागली. मग एक दिवस ती म्हणाली, "दादाजींचा खोकला कमी आहे का आज?" खोकल्याचं मी तिच्यापाशी कधी बोलले नव्हते. तुम्हाला शेवटी खोकल्यानंच नेलं. या वयात बोललेलं ध्यानात राहत नाही, बोलून गेले असेन, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

पण कर्जवाल्यांची दुसरी माणसं शेजाऱ्यांना फोन करायला लागली. किराणावाला पोराला बघून आत वळायला लागला. पोरगा मग बाहेर पडेनाच. मागच्या खोलीत फोन बंद करून बसायचा, जेवायला हाक मारली की म्हणायचा, भूक नाय. मी सुताराला बोलावून त्या खोलीच्या दाराची आतली कडी काढून घेतली. पोरानं विचारलं, "आई, कडी कुठं गेली?" म्हटलं, "गंजली होती." कडी मी माझ्या बटव्यात ठेवली आणि दिवसभर तो बटवा कमरेला.

तेव्हा मला सारखं फुलंब्रीतलं एक घर आठवायचं. मी आठ वर्षांची आहे, सायकलच्या दांडीवर बसले आहे. तुम्ही गुलमंडीच्या कापडदुकानाचे वसुलीवाले, आणि मला मिरवायला आवडतं. दारात गेलात की तुम्ही पैशाचं नाव काढत नाही. उंबऱ्याबाहेर टेकता आणि म्हणता, "आधी पाणी." तांब्या रिकामा करता, मग बोलता. ज्याच्या घरचं पाणी पोटात गेलं त्याला वंगाळ बोलवत नाय, हे तुमचं ठरलेलं. त्या घरात माझ्याएवढी पोरगी दारात येते. "बाप घरी नाय." मी फस्सकन हसते. "चपला तर हितंच हायेत की." पोरीचं तोंड उतरतं. तुम्ही तांब्या खाली ठेवता, "शनिवारी येतो," म्हणता आणि उठता. हर्सूलच्या तलावापाशी सायकल थांबवून म्हणता, "चपला मलाबी दिसल्या व्हत्या." एवढंच. बाकी आयुष्यभर कुणी मला इतकं रागावलं नाही.

मग त्या बाईनं सांगितलं की आता घरी माणसं येणार. पोराच्या चपला दारातच होत्या. त्यानंतरच्या मंगळवारी तिचा फोन आला तो दबक्या आवाजात. "आजी, काल दादाजी स्वतः बोलले माझ्याशी. शनिवारपर्यंत थांब म्हणाले. मी साहेबांना सांगून थांबवलंय, कुणी येणार नाही." मग जरा घुटमळली. "पण त्यांनी आधी पाणी मागितलं. मी म्हटलं, दादाजी, फोनवर कैसे देऊ? तर काहीच बोलेनात. नुसता श्वास. शेवटी मी बाटलीतलं पाणी ग्लासात ओतलं, त्यांना आवाज ऐकवला. तेव्हा म्हणाले, शनिवार."

मी पोराला एवढंच सांगितलं, आजोबांनी शनिवारपर्यंत मुदत घेतलीय. "आई, आजोबा गेले तेव्हा मी पाळण्यात होतो," म्हणाला आणि किती दिवसांनी हसला. शनिवारी अंघोळ करून, चपला घालून, आपल्या पायानं कर्जवाल्यांच्या ऑफिसात गेला. हप्ता लहान करून घेतला. संध्याकाळी दोन भाकरी खाल्ल्या. आता एका गोदामात कामाला जातो, कडी सुतारानं परत बसवली, आणि तुम्हाला विचारणारा फोन बंद झाला. उंबऱ्यावर मी रोज पाण्याचा तांब्या ठेवते. दुपारपर्यंत तो थोडा उतरतो. नात म्हणते, ऊन आहे, आजी.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, वहीतच राहील. पण एक कबूल करायचं राहिलं. त्या सोमवारी तुमच्या आवाजात मीच बोलले. दात गेल्यापासून माझा आवाज बाप्याचा झालाय, भाजीवालासुद्धा फोनवर मला काका म्हणतो. जरा खोकले, "शनिवारपर्यंत थांब, बाई," म्हणाले आणि भिऊन लगेच फोन ठेवला. तेवढंच बोलले, आबा. पाणी मी मागितलं नव्हतं.