जिना पुन्हा मोजा

सोमवार, ३
रुजू झाले एकदाची. बांधकाम परवानगी विभाग, तिसरा मजला. खिडकीजवळचं टेबल मिळालं. घरमालकीण प्रेमळ आहे, खोलीत ऊनही छान येतं. इथे एआय बसवलंय. ज्या नकाशाला सहा आठवडे लागायचे तो चार मिनिटांत तपासून होतो. मी फक्त त्याचे शेरे वाचायचे आणि सही करायची. हेडक्लार्क म्हणाले, आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला आलात. त्यांना सगळे मोठे बाबू म्हणतात. बहिणीला फोन करून सांगितलं, नशीब काढलं म्हणून.

बुधवार, ५
एक्केचाळीस प्रकरणं निकाली. शेऱ्यांची भाषा इतकी जिवंत कशी, असं बाबूंना विचारलं. म्हणाले, आधीच्या इंजिनीअरचे वीस वर्षांचे शेरे शिकवलेत त्याला. ते गृहस्थ मागच्या वर्षी गेले. त्यांनी नाकारलेली इमारत वरून मंजूर झाली. ती बघायला गेले आणि जिन्यासकट खाली आले. माणूस किरकिरा, पण शब्द कधी खोटा पडला नाही, असं बाबू म्हणाले.

मंगळवार, ११
दिवसाला साठ. डोळे चुरचुरतात, घरी जाऊन ताट समोर घेतलं तरी नकाशेच दिसतात. आज एका आधीच बांधून झालेल्या घराच्या नकाशावर शेरा आला : ‘जिना पुन्हा मोजा.’ घर बैठं. जिनाच नाही. एआय बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, शिकवणीतला कचरा आहे, शेरा पुसा आणि पुढे चला. पुसला.

शुक्रवार, १४
तोच शेरा, आज एकोणीस प्रकरणांवर. साहेब म्हणाले, निकालाचा आकडा घसरता कामा नये. सगळे पुसले. खरं तर वाचलेही नाहीत. हात आपोआप चालतो.

सोमवार, १७
त्या बैठ्या घराच्या मालकांनी गच्चीवर जायला आयत्या वेळी लाकडी जिना लावला होता. नकाशात नव्हता. काल तो निसटला. मालकाची आई गेली. मंजुरीवर सही माझी आहे.
जेवले नाही.

मंगळवार, १८
बाबूंनी आणि मी एकोणीस जणांना फोन केले. बहुतेक हसले. एक गवंडी म्हणाला, बाई, जिना आहेच कुठे? दोघांनी मात्र विचारलं, आमचा जिना तुम्हाला कसा कळला?

गुरुवार, २०
नवा शेरा. ‘बाई, तुम्ही थकलात. तरी मोजा.’
बाबूंना दाखवला. ते खुर्चीत बसले. म्हणाले, आधीचे इंजिनीअर असंच बोलायचे. पण असं कधी लिहिलं नव्हतं त्यांनी. कागदावर कधीच नाही.
कोणत्या प्रकरणावर आहे ते मग पाहिलं. आपल्याच कचेरीवर चौथा मजला चढवायचं. काम सुरूही झालंय.
साहेबांकडे गेले. ते म्हणाले, रजा घ्या.

शुक्रवार, २१
सकाळी दहा. टेप घेऊन आले. जिन्याच्या कडेला भेग, बोटभर. साहेब फोन उचलत नाहीत.

साडेअकरा. दोन बोटं. वरचे गवंडी थांबवले. सगळ्यांना खिडक्यांकडे बसवलं. कुणी कुरकुरलं नाही, सगळ्यांनी भेग पाहिलीय. अग्निशमनवाले शिडी घेऊन निघालेत. पाऊण तास, म्हणाले.

बारा. तीन बोटं. शेरा पुसला जात नाही. पुसला की परत येतो.

बारा दहा. खालून लोक चढताहेत. परवानगी घ्यायला आलेले. एक बाई कडेवर पोर घेऊन. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून आम्ही ओरडलो, ऐकू जात नाही — खालचा फोन कुणी उचलत नाही —

बाबू म्हणाले, मी जातो, मी सगळ्यांत हलका. मी नको म्हटलं. हात धरला. त्यांनी सोडवला, हळूच. म्हणाले, तुम्ही मोजत राहा, कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे.

भिंतीला धरून उतरताहेत. मधला टप्पा ओलांडला. बाकीचे वळून पळाले. ती बाई थांबली. वळली — उतरतेय — बाबू तिच्या मागे, हाताने पुढे पुढे म्हणताहेत —

चार बोटं

ती दारापाशी पोचली. बाबूंच्या अजून अकरा पायऱ्या — दहा — नऊ — त्यांनी वर बघितलं — आठ — सा