मिनिटाला अडतीस झोके

प्रिय मयुरा,

आशागडच्या घराचे सगळे दरवाजे, चिकू उतरवायच्या जाळीच्या चौदा काठ्या, तुझी लाल सायकल, तुझ्या आईचं नारळ खवायचं यंत्र, आणि तुझी इरा दोन महिन्यांची असताना तिच्यासाठी केलेली विजेवर हलणारी झोळी. एवढं मी या हातांनी केलं, कुणाकडे शिकायला न जाता. झोळीला जुन्या जीपच्या वायपरची मोटर. मिनिटाला बरोबर अडतीस झोके, घड्याळ लावून मोजलेत. लाइट गेली तरी थांबू नये म्हणून बॅटरीही बसवली. साऱ्या आळीला बोलावून दाखवली होती.

आता पोर दहा महिन्यांची झाली आणि झोळीबाहेर डोळा मिटत नाही. तलासरीच्या पाळणाघरातल्या बाईंनी तीन दिवसांत हात टेकले. तुझी रजा सोमवारी संपते, आणि तू झरीच्या शाळेतली नोकरीच सोडायचं म्हणतेस. रविवारी फोनवर रडलीस तेव्हा मी काय बोललो ते मला पाठ आहे. "माझ्या आईने सात पोरं वाढवली, तुला एक झोपवता येईना?" तू फोन ठेवलास. त्यानंतर दोन दिवस तुझी आई माझ्याशी फक्त ताटापुरती बोलली.

बुधवारी सरावलीला रतनभाईंच्या वाडीत पंप बघायला गेलो. तिथे शुक्री कामाला येते. तिची पोरगी इराएवढीच, चिकूच्या फांदीला साडीची झोळी. तिने दूध पाजलं, तोंड पुसलं, एक गाणं गुणगुणलं. पोर पेंगायला लागली तशी झोळी हाताने धरून थांबवली. पोरीचे डोळे अजून उघडे! मी म्हटलं, अगं थांबवतेस काय, उठेल ना. तर म्हणाली, "उठंल तर उठंल, काका. मी झुलवत बसले तर चिकू कोण काढील? थांबली की तिची ती निजते." पोर दोनदा कुरकुरली. शुक्रीने पोटावर नुसता हात ठेवला. चार मिनिटांत झोपली. मी माझ्या मशीनचं सांगितलं तर पदर तोंडाला लावून हसली, "म्हंजे तुमच्या नातीला निजायला येतंच नाही. मशीनलाच येतं!"

मला राग आला. पंप जोडून घरी पोचेपर्यंत तो माझ्यावरच उलटला. मी दुरुस्त केलेली पंपाची मोटर महिन्यात जळाली तर मी शेतकऱ्याला दोष देत नाही. झोळी कधी थांबू नये एवढंच मी बघितलं. मग पोरीला रात्री जरा जाग आली, की तिला तोच झोका लागणार.

अंगणवाडीच्या जयवंतीबाईंनाही विचारून आलो. रोज तीच वेळ, तोच क्रम. अंग पुसणं, दूध, एक गाणं, दिवा बंद. झोळी नको, सपाट, कडक गादी. उशी, दुलई, खेळणी काही नको. उताणीच ठेव, आणि पेंग आलेली पण जागी असतानाच. रडली तर जवळ बस, थोपट, लगेच उचलू नकोस. चारपाच रात्री जड जातील, कदाचित जास्तही. दीपेशरावांशी रात्रीच्या पाळ्या लाव, बाप आहेत ते. पाळणाघरातल्या बाईंना हाच क्रम कागदावर लिहून दे. शनिवारी तुझ्या आईला घेऊन येतो, ती पंधरा दिवस राहील.

हे फोनवर मला जमलं नसतं. तू "जाऊ दे ना पप्पा" म्हटलं असतंस आणि मी खरंच जाऊ दिलं असतं. म्हणून लिहून देतो. चूक माझी होती, तुझी नव्हती. राजीनामा महिनाभर तरी देऊ नकोस. काल वापीहून पाळण्यांचा एक व्यापारी आला होता. झोळीचा नमुना आणि त्यावर माझं नाव, एवढंच त्याला हवं होतं. मी नाही म्हटलं. एक लाख वीस हजार देत होता, रोख.

तुझाच,
पप्पा