नंदीचा बोजारा

आमगाव,
तान्ह्या पोळ्यानंतरचा रविवार

तीर्थस्वरूप छोटेलालमामांस,

दुर्गेश्वरीचा नमस्कार. इकडे सगळे मजेत. आईचा गुडघा दुखतो. तुमचा फोन आला नाही की जास्त दुखतो. मामींची तब्येत कशी आहे?

आमच्या पॉलिटेक्निकच्या चौघांनी रोबोट केलाय, हे आईने तुम्हाला सांगितलंच असेल. तो नारिंगी चेंडू ओळखून उचलतो आणि पाठीवरच्या खोक्यात टाकतो (एवढ्यासाठी वर्ष लागतं हे घरी अजून कुणाला पटलेलं नाही). पुण्याच्या स्पर्धेत निवड झाली. कॉलेजने शुभेच्छा दिल्या आणि हात झटकले, म्हणून आम्ही प्रायोजक शोधायला निघालो. आमच्यातल्या हेमेंद्रने इंग्रजीत जाडजूड फाईल केली. कोहमाऱ्याच्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी ती उलटी धरून पूर्ण चाळली आणि चहा पाजला. ट्रॅक्टर शोरूमच्या मालकांनी विचारलं, "चिखलात चालते का?" नाही म्हटलं. "मंग कायले बनवलं?" याचं उत्तर फाईलमध्ये नव्हतं. राईस मिलचे चुन्नीलाल सेठ "सोमवार को आना" म्हणाले. कोणत्या, ते बोलले नाहीत. आम्ही दर सोमवारी जात राहिलो.

तेवढ्यात तान्हा पोळा आला. (मामी पुण्याच्या, म्हणून सांगते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी घेऊन दारोदार जातात आणि घरोघरी त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर भेट मिळते.) हेमेंद्रने रोबोटला आपल्या लहानपणच्या नंदीचं मुंडकं बसवलं, वर झूल घातली आणि वयाने घोडे झालेले आम्ही चौघे पोराटोरांच्या रांगेत सेठच्या दारी उभे राहिलो. सेठच्या आई अनुसयाबाई नंदीला ओवाळायला आल्या. ताटात मोतीचूर लाडू होते. नारिंगी, गोल. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. नंदीने एकेक करून ताट साफ केलं. मी बंद करायचं बटण शोधत होते, ते झुलीखाली गेलं होतं. अनुसयाबाईंनी हात जोडले. "माय वो, नंदी जेवून राहिला!" इतके सोमवार न भेटलेले सेठ धावत खाली आले. "अरे, बोजारा दो बच्चों को!"

मग आम्ही फाईल घरी ठेवली आणि नंदी घेऊन सगळीकडे पुन्हा गेलो. कायले बनवलं, हे कुणीही विचारलं नाही. फक्त बोजारा म्हटला की ज्याच्या घरी जे असेल ते देतात, हे आम्ही विसरलो होतो. सेठने तांदळाचे कट्टे दिले, ट्रॅक्टरवाल्यांनी बॅटरी, ट्रान्सपोर्टवाल्यांनी पुण्यापर्यंत ट्रकमध्ये जागा. मामा, थट्टा राहू द्या, पण आम्हाला जायचंच आहे. इतकं जवळ येऊन नाव कटलं तर मला फार रडू येईल.

तुमची लाडकी भाची,
दुर्गेश्वरी

ता. क. प्रवेश शुल्क तांदळात चालत नाही, मी फोन करून विचारलं. शुक्रवारपर्यंत भरायचं आहे. तुमच्या दारी नंदी पुढच्या आठवड्यात पोचेल, पण बोजारा आधी निघाला तर बरं. आम्ही चौघे तुमच्याकडेच उतरू. तांदूळ आणतोय. मामींना सांगा, नारिंगी काही उघड्यावर ठेवू नका.

आणखी एक. आई म्हणते, भावाजवळ असं काही मागायचं नसतं. पण नंदीच्या झुलीवर "मुख्य प्रायोजक : छोटेलालमामा, पुणे" असं लिहून झालंय. रंग ट्रकचा आहे, निघत नाही. अक्षर आईचं आहे.