नवव्या खंडाची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, पाणीपुरवठा कार्यालयातून निवृत्त झालेला आरेखक आणि रविवारच्या पुरवणीत एकतीस वर्षे अद्भुत कादंबरीमालांची परीक्षणे लिहिलेला माणूस, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाला न जुमानता, माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. हेच वाक्य मी कादंबऱ्यांत राजवैद्याच्या तोंडी पन्नासेक वेळा वाचले आहे आणि पुढच्या प्रकरणात काय होते ते मला ठाऊक आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखलाही त्याच डॉक्टरांनी दिला. ते माझी परीक्षणे कधीच वाचत नव्हते, तेव्हा त्यांचे मत निःपक्षपाती धरावे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. या एकाची मालिका होणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणाला पाने चाळत बसावे लागणार नाही. घराचे, पैशांचे, कपाटांचे काय होईल याची मला फारशी फिकीर नाही. माझी धाकटी बहीण नऊ वर्षे माझ्याशी बोललेली नाही, आणि तिने एक पुस्तक वाचावे एवढीच माझी इच्छा आहे. तो मजकूर कलम पाचमध्ये आहे. आधीची कलमे वकीलबाईंच्या आग्रहाखातर.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरचे हे दोन खोल्यांचे घर आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या भाचीला, म्हणजे याच बहिणीच्या मुलीला, मिळावे. स्वयंपाकघरातल्या नळाची मूठ उलटी फिरते. जन्मभर शहराच्या जलवाहिन्या आखणाऱ्याच्या घरी असे का, हे तिने विचारू नये. भाची स्वतः एक कादंबरीमाला लिहीत आहे. सात खंड ठरले आहेत. तीनशे वर्षांची राजघराणी, चार लिप्या आणि घोड्यांच्या अकरा जाती तयार आहेत. पहिले प्रकरण व्हायचे आहे. घर देताना माझी एकच अट आहे, तिने सातवा खंड आधी लिहावा. वाचकाला वीस वीस वर्षे ताटकळत ठेवणाऱ्यांना मी फार जवळून पाहिले आहे. ती म्हणाली, "मामा, अशी अट कायद्यात बसत नाही." मी वकीलबाईंना विचारले. बसत नाही. तरी लिहून ठेवतो.

कलम २. पुस्तके एकूण चौदाशे बारा. ती सार्वजनिक वाचनालयाला द्यावीत, पण मी लावलेला क्रम मोडू नये. वरच्या तीन फळ्यांवर अनाथ मुलगा शेवटी राजा निघतो. त्याखालच्या दोन फळ्यांवर अनाथ मुलगी शेवटी राणी निघते. ही अलीकडची प्रगती आहे. खिडकीजवळच्या कपाटात म्हातारा गुरू तिसऱ्या खंडात मरतो आणि पाचव्यात दाढी करून परत येतो. पलंगाखालच्या खोक्यात अशा माला आहेत, ज्यांचा शेवटचा खंड लवकरच येत असल्याला दहा वर्षे उलटून गेली. ते खोके ग्रंथपालांनी उघड्यावर ठेवू नये, लोक उगाच आशेला लागतात. ज्यांच्या मागच्या वेष्टनावर माझी वाक्ये छापली आहेत, ती पुस्तके मात्र वेगळी काढावीत. मी लिहिले होते, 'नऊशे पानांत काहीच कसे घडत नाही, हे पाहून थक्क व्हायला होते.' वेष्टनावर आले, 'थक्क व्हायला होते.' प्रकाशकाला फोन केला तर तो म्हणाला, "शब्द तुमचेच आहेत ना, साहेब?" होते माझेच.

कलम ३. आरेखनाचा फळा, टी-पट्टी, गुण्ये, शाईच्या लेखण्या आणि लाल पेन्सिली माझ्या जुन्या कार्यालयातल्या सर्वांत कनिष्ठ आरेखकाला द्याव्यात. हीच अवजारे मी परीक्षणासाठीही वापरली. कुठलेही पुस्तक हाती आले की मी आधी सुरुवातीचा नकाशा तपासत असे. नद्या डोंगर चढताना पाहिल्या आहेत. भर वाळवंटात एक बंदर पाहिले आहे. एका लेखकाने मला कळवले की तिथे जादूने पाणी वाहते. मी उलट कळवले की जादूलाही उतार लागतो. मला या सवयीचा फार गर्व होता आणि तोच मला नडला.

कलम ४. पुरवणीच्या संपादकांना माझे भिंतीवरचे घड्याळ द्यावे. नऊशे पानांचे पुस्तक बुधवारी संध्याकाळी धाडायचे आणि परीक्षण गुरुवारी दुपारी बाराला मागायचे, हा त्यांचा शिरस्ता. त्यांनी त्या घड्याळासमोर बसून एकदा नऊशे पाने वाचून दाखवावीत. माझ्यानंतर माझ्या जागेवर आलेले गृहस्थ दिसेल त्या पुस्तकाला पाच तारे देतात, म्हणून मी त्यांना पाचतारे म्हणतो. त्यांना माझी विशेषणांची वही द्यावी. तीत 'ठीक', 'पाणचट' आणि 'लांबलेली' असे शब्द आहेत. त्यांना ते नवीन असतील.

कलम ५. आता मुद्द्याचे.

पस्तीस वर्षांपूर्वी 'मिठाच्या राणीची बखर' या मालेचा पहिला खंड आला. त्याचे परीक्षण हे माझे पहिले परीक्षण. बहीण तेव्हा पंचवीस वर्षांची, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागली होती. दिवसभर लोकांचे रक्त तपासायची आणि संध्याकाळी माझ्याकडून पुस्तक न्यायची. आम्ही दोघांत एकच प्रत ठेवत असू. परीक्षण लिहायचे म्हणून आधी मी वाचायचो, मग ती. तिचे वाचून होईपर्यंत मी शेवटाबद्दल अवाक्षर काढायचे नाही, घरातही नाही आणि छापूनही नाही, असा आमचा ठराव होता. आठ खंडांची परीक्षणे मी शेवटाला वळसा घालून लिहिली. तिचे वाचून झाले की ती रविवारी यायची आणि आम्ही जेवण गार होईपर्यंत भांडायचो. इतके सुख मला दुसऱ्या कशात मिळाले नाही.

त्या मालेत एक नावाडी आहे. राजाचा असो की शत्रूचा, येईल त्याला तो नदीपार नेतो. बहिणीचा त्याच्यावर भारी जीव. ती म्हणायची, "दादा, तो कुणाला विचारत नाही, तू कुठला म्हणून. आमच्याकडे नळीतलं रक्त पण तसंच येतं, नुसता नंबर." लेखकाची खोड अशी की वाचकाचा जीव जडला की प्रत्येक खंडाच्या शेवटी त्या माणसाला बुडवायचे. आठ खंडांत आठ बुडाले होते. नावाडी तेवढा उरला होता.

नववा, शेवटचा खंड नऊ वर्षांपूर्वी आला. पाने नऊशे बारा. बुधवारी संध्याकाळी हाती पडला, गुरुवारी अकरापर्यंत माझी सातशे बाहत्तर वाचून झाली. मग मी पुन्हा नकाशा उघडला, या वेळी घाट शोधायला. आधीच्या आठही नकाशांत नावाड्याचा घाट दाखवलेला होता. या नकाशात नव्हता. आमच्या कार्यालयात नकाशावरून वाहिनी काढली की ती बंद झालेली असते, त्यावर चर्चा होत नाही. मी परीक्षणाच्या दुसऱ्याच वाक्यात लिहिले की नावाडी अखेर बुडतो आणि ते अटळच होते. बारा वाजता मजकूर पोचता केला.

रविवारी सकाळी तिचा फोन आला. "दादा, दुसऱ्याच वाक्यात?" मी म्हणालो, "जागा कमी होती गं." तिने फोन ठेवला. त्यानंतर ती आली नाही. कोणी त्या पुस्तकाचा विषय काढला तर ती उठून जाते, असे भाची सांगते.

त्याच आठवड्यात एका वाचकाचे पत्र आले की आपण शेवटची पाने वाचलेली दिसत नाहीत. मी पुरवणीत उत्तर छापले, 'जाणत्या परीक्षकाला प्रत्येक पान वाचावे लागत नाही.' ते वाक्य लोकांना भलतेच आवडले. बाकीची पत्रे मी फोडली नाहीत. म्हणजे नावाडी मेला की जगला, हे मला आजतागायत ठाऊक नाही. आधी लाजेने ती पाने उघडली नाहीत. पुढे वाटू लागले की तिच्याआधी ती वाचण्याचा आपला हक्क उरलेला नाही.

हे मी तिला कधीच सांगितले नाही. दुष्ट भाऊ म्हणवून घ्यायला माझी हरकत नव्हती. न वाचता परीक्षण लिहिणारा म्हणवून घेणे मला जमले नसते. नऊ वर्षे मी बहिणीपेक्षा माझी अब्रू सांभाळली आणि त्या अब्रूने एकदाही घरी येऊन माझ्याशी भांडण केले नाही.

म्हणून नवव्या खंडाची ती प्रत माझ्या धाकट्या बहिणीला द्यावी आणि तिने ती वाचावी. मला तिची फार आठवण येते. हे वाक्य मी याआधी कुठल्याही परीक्षणात वापरलेले नाही.

कलम ६. निधनवार्तेत 'अखेरपर्यंत खिळवून ठेवणारे व्यक्तिमत्त्व' असे छापू नये. मला तारेही देऊ नयेत.

मृत्युपत्राची पुरवणी, त्याच दिवशी. साक्षीदार म्हणून डॉक्टर आणि ग्रंथपाल यांना बोलावले होते. वकीलबाईंनी ग्रंथपालांना परत पाठवले. "काका, ज्याच्याकडे काही जायचंय तो साक्षीदार नको. सही केली की त्याचा वाटा गेला." तेव्हा भाचीला सांगितले की ज्याला काही मिळायचे नाही असे कोणीतरी खालून घेऊन ये. ती तासाने आली ती आईला घेऊन.

बहीण दारातच उभी राहिली. वकीलबाईंना म्हणाली, "साक्षीदारानं हे वाचायचं असतं का?"

"नाही ताई. यांना सही करताना नुसतं बघायचं."

"मग मी वाचते."

खुर्ची ओढून तिने सगळे कागद वाचले. नळाच्या मुठीपाशी किंचित हसली असावी. कलम पाच तिने दोनदा वाचले. मला खाली बघवत नव्हते आणि वरही.

"नुसता नकाशा बघून?" ती म्हणाली.

"घाट नव्हता," मी म्हणालो.

"नऊ वर्षं मी त्याला मेलेला धरून चालले, दादा."

"मीसुद्धा."

वकीलबाईंनी तिला समजावले, "ताई, तुमच्या नावानं एक पुस्तक आहे. सही केलीत तर ते कलम पडेल. मी दुसरं कुणी बघते."

"पडू दे," बहीण म्हणाली. "हा गेल्यावर पुस्तक मिळालं तर मी भांडू कुणाशी?"

तिने पेन मागितले. तिच्या सहीखालचा मजकूर तिचा आहे. वकीलबाईंची त्याला हरकत होती, तिने ती ऐकून घेतली नाही.

स्थळ: माझ्या घराची पुढची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६, सोमवार

(सही) मृत्युपत्र करणारा

साक्षीदार १: (सही) डॉक्टर

साक्षीदार २: (सही) धाकटी बहीण
कलम पाच रद्द समजावे. पुस्तक मी आजच नेत आहे. रोज चार पानांच्या वर माझे वाचून होत नाही. वाचून झाल्यावर मी रविवारी येईन. तोपर्यंत दादाने हे मृत्युपत्र अमलात आणू नये.