क्रूसावर ठेवलेला हात

केल्डरबी, १२ नोव्हेंबर १८४६

चि. आमोस यास ताईचे आशीर्वाद, वि. वि.

काल चाकर ठरवायचा बाजार भरला. आपली हेस्टर चर्चशेजारच्या दगडी क्रूसाच्या पायरीवर, मोलकरणीची खूण म्हणून झाडू घेऊन उभी राहिली. झाडू तिच्याहून उंच. तू असतास तर पोट धरून हसला असतास. डोंगरावरच्या हॅगर्थ शेतकऱ्याने तिला ठेवून घेतलं. त्याने आणि बाबांनी क्रूसावर हात ठेवला, म्हणजे वर्षभर बोल पक्का. त्याच्या कुत्र्याच्या फासळ्या दिसत होत्या, तेवढं मला खटकलं. बाबा म्हणाले, कुत्र्यावरून धनी ओळखत नाहीत.

गिरणीत खोकला सांभाळ. आमची माया आहेच.

तुझी केझिया

केल्डरबी, ९ जानेवारी १८४७

चि. आमोस यास आशीर्वाद, वि. वि.

हेस्टर परवा नऊ मैल बर्फातून चालत घरी आली. टाचा फुटल्यात. डुकरांच्या खोपटावरच्या माळ्यावर निजवतात, रात्री जेवण नाही. अकरा वर्षांची पोर रे ती. बाबा म्हणतात, क्रूसावर हात ठेवलाय, परत जायलाच हवं. मी खूप भांडले. शेवटी तू म्हणशील तसं करू, असं ठरलंय. लगेच लिही.

केझिया

ब्रॅडफर्ड, १३ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाबांचंच बरोबर आहे. बोल मोडला तर उद्या धाकट्या लेटीला कोण ठेवून घेईल? मीही त्याच पायरीवर उभा राहिलो, तबेल्यात निजलो, मेलो नाही. रडूबाईला सांग, उन्हाळ्यात निळी रिबन आणतो. तिला परत पाठव. राग धरू नकोस, लोभ राहू दे.

आमोस

केल्डरबी, २० जानेवारी

आमोस,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. बाबांना वाचून दाखवलं तेव्हा हेस्टर समोरच बसली होती. शनिवारी ती एकटीच निघाली. बाबांना सोबत येऊ दिलं नाही. दुपारनंतर बर्फ सुरू झालं, ते दोन दिवस थांबलं नाही. हॅगर्थ म्हणतो, ती पोचलीच नाही.

सोमवारी सकाळी ती क्रूसाच्या पायरीवर सापडली. अर्ध्या वाटेवरून परत फिरली असावी. त्या पायरीपासून आपलं दार चाळीस पावलांवर आहे, आमोस. आम्ही आत चुलीपाशी होतो. तिने दार वाजवलं नाही.

मी तुला दोष देत नाही असं लिहायला बसले होते, पण ते खोटं होईल. काल पाद्रीबाबांकडे बाबांनी एवढंच मागितलं, की पोरीला चर्चच्या मागच्या अंगाला पुरा. तिथून तो क्रूस दिसत नाही.

रिबन आणू नकोस.

केझिया