डावीकडचं अस्तर

सोमवार, ९ फेब्रुवारी

बाईंना नमस्कार.

तुमचं पत्र पोचून बारा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, राग नसावा. माझी तब्येत ठीक आहे, गुडघे सोडले तर तक्रार नाही. शिवणाचं दुकान बंद केलं, पण मशीन घरी आणून खिडकीशी ठेवलंय. शेजारपाजारचे पडदे, उशांचे अभ्रे, उसवलेले खिसे असं काहीबाही शिवून देते. हात चालू राहतो.

मास्तरांना जाऊन आठ महिने होतील. या आठ महिन्यांत माझ्या पायाला एकदाही टाचणी टोचली नाही. पस्तीस वर्षं मी त्यावरून भांडत होते. ते टाचण्या तोंडात धरायचे, आणि बोलायला तोंड उघडलं की त्या जमिनीवर सांडायच्या. आता घरभर अनवाणी फिरते, काही टोचत नाही.

तुमचं अक्षर पहिल्यांदाच पाहिलं. मला वाटायचं मोठं, वळणदार असेल. ते तर अगदी बारीक निघालं, भिंग घेऊन वाचावं लागलं.

तुम्ही लिहिलंय की मास्तर तुम्हाला सख्ख्या भावासारखे होते. बाई, मी सिनेमाची मासिकं खूप वाचलीत. नट्यांना भाऊ फार असतात. वाकडं बोलते म्हणून सोडून देऊ नका, पुढे वाचा. मला सरळ लिहायचंय, पण सुरुवात सरळ होत नाही.

आधी तुमचे उपकार सांगते. माझी शाळा तिसरीत सुटली. लग्नानंतर मास्तर गळ्याचे, बाह्यांचे नमुने बघायला मासिकं आणायचे, आणि त्यांत पानोपानी तुम्ही. तुमच्या फोटोखालच्या ओळी लावत लावत मी वाचायला शिकले. 'लाखो हृदयांची राणी' हे मी सलग वाचलेलं पहिलं वाक्य. 'हृ'ला अडले तेव्हा मास्तरच म्हणाले, "हृ म्हण, हृ. नुसतं हर म्हटलंस तर बाई रागावतील." पुढे वाचनालय लावलं, जाड जाड कादंबऱ्या संपवल्या. पण पाया तुमच्या फोटोंवरच घातलेला आहे, हे खोटं कसं म्हणू?

दुसरी गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे की नाही, कोण जाणे. तुम्हाला ट्रायलला यायला वेळ नसायचा. एका दिवसात तीन-तीन सिनेमांचं शूटिंग. आणि आपलं माप एक होतं. छाती, कंबर, खांदा, मुंढा, सगळं. उंचीत मी बोटभर कमी, तर मास्तर मला पाटावर उभं करायचे. नऊ वर्षं तुमचा प्रत्येक ड्रेस आधी माझ्या अंगावर चढला. पडद्यावर लोकांनी शिट्ट्या मारल्या तो काळा झगा, त्या जिन्यावरच्या गाण्यातला पिवळा, शेवटी विहिरीत उडी घेता तो पांढरा. सगळे आधी मी घातले, आमच्या मागच्या खोलीत, पायात काही न घालता.

"नीट उभी राहा गं. बाई अशा पोक काढून उभ्या राहत नाहीत."

"बाईंना सकाळपासून भांडी घासावी लागत नाहीत."

"हात वर कर. वर म्हणजे नाचात करतात तसा. विजेचा दिवा बदलायला नाही सांगितलं."

आम्ही हसायचो खूप. पण टाचण्या लावता लावता ते दोन पावलं मागे सरकायचे आणि डोळे बारीक करून बघायचे, तेव्हा मी हसायचं थांबवायचे. ती नजर माझ्यावर असायची, आणि माझ्यासाठी नसायची. ड्रेस उतरवून मी माझा साधा झगा चढवला की मास्तर दिवा घालवून पुढे दुकानात निघून जायचे.

मुलगी झाली तेव्हा माझं माप गेलं. मास्तरांनी चिंध्या भरून एक पुतळा केला आणि त्यावर तुमच्या ट्रायल घेतल्या. बाई, मला त्या पुतळ्याचाही मत्सर वाटला. चार महिन्यांत मी कंबर जागेवर आणली. डॉक्टर म्हणाले एवढी घाई कशाला? काय सांगणार, एका पुतळ्याला हाकलायचंय म्हणून?

सिनेमा आम्ही पहिल्या दिवशी बघायचो. लोक रडत असायचे आणि मास्तर पुटपुटायचे, "डावा मुंढा ओढतोय." एकदा नायकानं तुम्हाला जवळ घेतलं आणि मी मास्तरांच्या कानात म्हणाले, "हा झगा आधी मी घातलाय." ते म्हणाले, "श्श, मागची चेन बघू दे."

माझी थोरली जाऊ म्हणायची, "तुझं बरं आहे बाई. एका पगारात दोघी नांदताय." ती थट्टा करायची. मला ते लागायचं, पण मीही हसायची.

मग तुम्ही चार महिने दिसेनाशा झालात. मासिकात आलं, विश्रांतीसाठी गेल्या. कुणी लिहिलं, गुपचूप लग्न केलं. तुम्ही परत आलात आणि त्या आठवड्यात मी सवयीनं पाट सरकवला. मास्तर म्हणाले, "राहू दे. माप बदललंय."

"किती बदललंय?"

"बदललंय म्हटलं ना."

त्यानंतर दर गुरुवारी ते पिशवी घेऊन तुमच्या घरी जायचे. एकटे. दोन-दोन तास. आल्यावर हात धुवायचे आणि न बोलता जेवायचे. नऊ वर्षं ज्या माणसानं टाचणी टाचणीचा हिशेब मला सांगितला, तो 'दमलोय' एवढंच बोलायला लागला. गुरुवारी माझा हात कामात चालायचा नाही. घड्याळ बघत बसायची.

आता पेटीचं. शनिवारी ड्रायव्हर पाठवता म्हणालात. मास्तरांच्या कपाटातली तुमच्या मापांच्या आणि कापडाच्या बेतांच्या कागदांची पेटी त्याच्याकडे द्यावी, आणि तुमच्या पडद्यावरच्या कारकिर्दीवर जो पुस्तक लिहितोय त्याच्या हाती ती लागू देऊ नये. बरोबर? तो लेखक माझ्याकडे दोनदा येऊन गेला. चांगला आहे, मला आजी म्हणतो, बूट दाराबाहेर काढतो. दोन्ही वेळा त्यानं एकच विचारलं, की त्या दिवशी तुम्ही मेकअपच्या खोलीचं दार लावून तीन तास का बसलात? बाहेर दोनशे माणसं ताटकळली, निर्मात्यानं सिनेमा दुसरीला दिला आणि तेव्हापासून तुमच्या नावाला 'नखरेवाली' चिकटलं. मास्तर काही बोलले असतील ना, म्हणाला. दोन्ही वेळा मी त्याला चहा दिला आणि गुडघ्यांची औषधं विचारली.

कारण मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. ते मला तुमच्या पत्रातून कळलं. तुम्ही अगदी सहज लिहिलंत, 'तुम्हाला तर सारं ठाऊकच असेल.' कॅन्सरमध्ये तुमचा डावा स्तन काढावा लागला. सुटी गादी नाचात सरकते, म्हणून मास्तर प्रत्येक ड्रेसच्या अस्तरात डावीकडे गादी शिवून द्यायचे, आणि तुम्ही आणखी दहा वर्षं पडद्यावर नाचलात आणि कुणाला कळलं नाही. पुढे लिहिलंत, 'एवढ्या वर्षांत मास्तरांनी एकदाच चूक केली. हिरव्या ड्रेसमध्ये गादी घालायची विसरले. निरोप मिळताच धावत आले, दाराआड बसून नवी शिवली आणि माझ्यासमोर रडले.'

हे वाक्य मी भिंग बाजूला ठेवून पुन्हा वाचलं. मग भिंग घेऊन वाचलं.

मास्तर विसरले नव्हते.

बाई, आज हात दुखतोय. उद्या लिहिते.

मंगळवार

उद्या म्हटलं की माणसाला पळता येतं. मी पळाले नाही, हे बघा.

तो हिरवा ड्रेस तयार होऊन खुंटीला होता. मास्तर आंघोळीला गेले होते. मी तो अंगात घातला. वर्षभरात तुमचं काही घातलं नव्हतं. उजवीकडे बरोबर बसला, डावीकडे आत काहीतरी मऊ, जाड लागलं. मला वाटलं, अस्सं! म्हणजे बाई भरून घेतात. वय झालं म्हणून आत फोम घालून मिरवतात, आणि हे गुपित राखायला माझा नवरा दर गुरुवारी जातो. उजवीकडची गादी घालायची राहिली असेल, असं समजले. दहा वर्षं सुई धरलेल्या बाईला एवढंही सुचू नये? पण मला तेव्हा सुचवून घ्यायचंच नव्हतं. तुमची फजिती व्हावी एवढंच हवं होतं. मी डावीकडचं अस्तर उसवलं, गादी काढली आणि पुन्हा शिवलं. कादंबऱ्यांतल्या मत्सरी बायका दुधात विष घालतात. मी एवढंच केलं, आंघोळ संपायच्या आत.

तुम्ही आत काय केलं असेल त्या तीन तासांत, आरशासमोर, हे मी आता रोज बघते. तुम्ही मास्तरांचं नाव बाहेर कुणाला सांगितलं नाहीत. लोकांच्या तोंडून 'नखरेवाली' ऐकून घेतलंत. मी ती बातमी मासिकात वाचली होती आणि दोन दिवस गुणगुणत होते.

मास्तर त्या दिवशी आले, जेवले नाहीत. ड्रेस परत आला होता, तो मांडीवर घेऊन बसले. अस्तराच्या उरलेल्या टाक्यांवरून बोट फिरवलं. माझा टाका त्यांनीच मला शिकवलेला, तो त्यांना अंधारातही कळला असता. मला म्हणाले, "यापुढे सगळ्यांचीच अस्तरं मीच करीन. तू काजं कर." बस्स. त्या काढलेल्या गादीचं मी काय केलं होतं, सांगू? मशीनवर टाचण्या खोचायला ठेवली होती. वर फुलाफुलाचं कापड लावून. ती वीस वर्षं तिथं होती. मास्तर रोज समोर बसायचे. माझ्या टाचण्या त्यांनी कधी घेतल्या नाहीत, मला वाटायचं सवय म्हणून तोंडात धरतात.

ते मला एकदा ओरडले असते तर! मी म्हटलं असतं, तुम्ही तिकडे का जाता? ते म्हणाले असते, यासाठी. पण तुमचं गुपित फुटलं असतं. म्हणून त्यांनी मलाही काही विचारलं नाही. तुमचंही झाकलं आणि माझंही, आणि दोघींच्या मध्ये गप्प बसून शिवत राहिले. तुम्हाला सगळं माहीत होतं, मला काहीच नाही. कुठला भाऊ बहिणीसाठी बायकोशी दहा वर्षं मुका राहतो? बाई, तुमच्या दुखण्याचं मला वाईट वाटतं. पण मत्सर गेला म्हणाल, तर नाही गेला. उलट आता त्याला चांगलं कारण मिळालंय.

आज सकाळी लेखक आला. मी चहा ठेवला नाही. त्याला म्हटलं, वही काढ.

"त्या दिवशी ड्रेस बाईंना होत नव्हता. मी आत घेतला होता. डावीकडून अर्धा इंच."

त्यानं विचारलं, "चुकून?"

"मुद्दाम. नवरा दर गुरुवारी त्यांच्या घरी जायचा, मला पाहवत नव्हतं."

"म्हणजे बाई नखरे करत नव्हत्या?"

"त्यांच्या अंगात ड्रेस शिरत नव्हता. मास्तरांवर बोल येईल म्हणून बाहेर काही बोलल्या नाहीत. मास्तरांनी जाऊन चूक आपल्या अंगावर घेतली."

"आजी, हे छापू?"

"छापायचं नसतं तर वही काढायला कशाला सांगितलं?"

"लोक तुम्हाला नावं ठेवतील."

"ठेवू देत. मुलीला सांगून ठेवलंय. ती रडली, मग म्हणाली, आई, तू पण ना."

मी त्याच्याकडून लिहिलेलं वाचून घेतलं, एक शब्द सुधारायला लावला. त्यानं 'मत्सरापोटी कामगार स्त्रीने' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, 'मास्तरांच्या बायकोने' लिही. त्यात खोटं एवढंच, की अर्धा इंच. बाकीचं तुमच्या-माझ्यात.

पेटी शनिवारी तयार ठेवते. सगळे कागद आहेत, सोबत उरलेल्या अकरा गाद्या रुमालात बांधल्या आहेत. हे पत्र पेटीतच असेल; पाकीट डिंकानं नाही, दोऱ्यानं शिवून बंद करते. ड्रायव्हरनं उघडलं तर तुम्हाला टाका सुटलेला दिसेल. फुलाफुलाची गादी मात्र पाठवत नाही. तुमच्या मापाची असली तरी ती मास्तरांनी वीस वर्षं माझ्याकडे राहू दिली.

त्या तीन तासांची माफी मागते, हात जोडून. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कशाचीही मागत नाही.

आणि हे मी तुमच्यासाठी केलं, असं कृपा करून समजू नका. त्या जाड पुस्तकात तुमच्या सत्तर सिनेमांची नावं येतील, नायक येतील, बक्षिसं येतील. मास्तर एवढ्याशा एका पानावर येतील. त्या पानावर आता त्यांच्या शेजारी मी आहे. आणि तुम्ही, बाई, दाराच्या पलीकडे.

उत्तर पाठवलंत तर वाचीन. भिंग आहे.

मास्तरांची बायको